पुश-स्टार्ट गाडीचा रिमोट, त्याचा सेल आणि गावाकडचा वापर

दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मागील वर्षी पुश-स्टार्टची, म्हणजे बटन दाबून सुरू होणारी, जुनी गाडी विकत घेतली आणि तिच्यासोबत त्यांना एकच रिमोट मिळाला. वर्षभरात त्या रिमोटचा सेल दोनदा बदलावा लागला, तरीही अधूनमधून दार उघडत नाही आणि पडद्यावर ‘की नॉट डिटेक्टेड’ (चावी आढळली नाही) अशी सूचना येते. गाडी रात्री घराच्या छपरीत उभी असते आणि रिमोट त्याच छपरीच्या भिंतीवरील खिळ्याला अडकवलेला असतो. कंपनीचे सर्व्हिस सेंटर यवतमाळला, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. घरात वयस्कर वडील आणि दीड वर्षाचा मुलगा आहे. रात्रीच्या वेळी दवाखान्यात जायची गरज पडली आणि गाडी उघडलीच नाही तर काय करावे, आणि सेल इतक्या लवकर का संपतो, हे त्यांना समजून घ्यायचे आहे.

मी वर्ध्यात गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचे काम करतो आणि या प्रकारच्या तक्रारी आता खेड्यांतून नियमितपणे येऊ लागल्या आहेत. आपल्या प्रश्नाच्या दोन भागांपैकी दुसरा भाग, म्हणजे सेल का संपतो हा, सोपा आहे. पण पहिला भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर सेल पूर्ण संपण्याच्या आधी, भर दिवसा, घराच्या अंगणात शिकून ठेवण्यासारखे आहे. म्हणून मी त्यापासूनच सुरुवात करतो.

रिमोटच्या आत दोन स्वतंत्र व्यवस्था असतात, हे प्रथम लक्षात घ्यावे. एक व्यवस्था सेलवर चालते. आपण दाराच्या हँडलला हात लावतो किंवा त्यावरील छोटे बटन दाबतो, तेव्हा गाडीच्या दारांत बसवलेले अँटेना साधारण १२५ किलोहर्ट्झच्या कमी वारंवारतेवर एक संकेत सोडतात. हा संकेत जेमतेम मीटर-दीड मीटर अंतरापर्यंतच पोहोचतो, आणि म्हणूनच गाडीला कळते की रिमोट दाराजवळच आहे. रिमोट तो संकेत ओळखून जागा होतो आणि त्याचे सांकेतिक उत्तर ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरींवर परत पाठवतो. हे उत्तर पाठवण्यासाठी सेलमधून एका क्षणापुरता बऱ्यापैकी मोठा विद्युतप्रवाह घ्यावा लागतो. दुसरी व्यवस्था म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे ओळख पटल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. तिला सेल लागतच नाही. गाडीतील अँटेनाच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर, रिमोट नेला की त्या अँटेनाच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला पुरेशी ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख सांगते. सेल पूर्णपणे मेलेला असला तरी गाडी सुरू करता येते, ती या चिपमुळे.

आता प्रत्यक्ष कृती. रिमोटच्या कडेला एक लहान खटका असतो. तो सरकवला किंवा दाबला की आतून धातूची पातळ चावी बाहेर येते. ही चावी फक्त दार उघडण्यासाठी असते. बऱ्याच गाड्यांत चालकाच्या दाराला चावीचे छिद्र उघड दिसत नाही, कारण ते हँडलच्या टोकाला असलेल्या प्लास्टिकच्या टोपणाखाली दडवलेले असते. त्या टोपणाच्या खालच्या बाजूला एक बारीक फट असते. हँडल ओढून धरावे, चावीचे टोक त्या फटीत घालून टोपण हलकेच वर उचलावे आणि मग छिद्रात चावी फिरवावी. गाडी रिमोटने कुलूपबंद केलेली असेल तर अशा प्रकारे दार उघडल्यावर भोंगा वाजू शकतो. त्याने घाबरून जाऊ नये. गाडी सुरू झाली की तो थांबतो. आत बसल्यावर ब्रेक, आणि मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर क्लच, पूर्ण दाबावा आणि रिमोट थेट स्टार्ट बटनाला टेकवावा. बऱ्याच गाड्यांत रिमोटच्या कंपनीचिन्हाची बाजू बटनाकडे ठेवावी लागते, काहींत रिमोटनेच बटन दाबायचे असते, तर काहींत गिअरजवळच्या कप्प्यात, कपहोल्डरच्या तळाशी किंवा खास खाचेत रिमोट ठेवायचा असतो. आपल्या गाडीत नेमकी जागा कोणती, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. जुनी गाडी घेताना पुस्तिका मिळाली नसेल, तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते. ती मोबाईलमध्ये उतरवून ठेवावी, म्हणजे नेटवर्क नसलेल्या वावरातही उघडता येईल.

माझा आग्रह असा आहे की एखाद्या मोकळ्या दिवशी रिमोटमधील सेल काढून ठेवावा आणि घरातील गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, आळीपाळीने, चावीने दार उघडून आणि रिमोट बटनाला टेकवून गाडी स्वतः सुरू करून पाहावी. धूळ बसल्याने छिद्र अडकलेले असेल, तर ते त्याच दिवशी कळेल आणि त्यात ग्रॅफाइटची पूड किंवा कुलपासाठीचा कोरडा स्प्रे मारता येईल. साधे तेल घातल्यास आपल्याकडची माती त्याला चिकटून छिद्र अधिकच घट्ट होते. जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक शक्यता या सरावात उघड होते, ती म्हणजे आतली धातूची चावी हरवलेली किंवा दुसऱ्याच गाडीची असणे. मी अशा गाड्या पाहिल्या आहेत ज्यांच्या मालकांना हे प्रत्यक्ष अडचणीच्या वेळीच समजले.

आता सेल लवकर संपण्याविषयी. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा बटन सेल असतो. या आकड्यांचा अर्थ असा की तो २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा आहे. त्याचा दाब (व्होल्टेज) ३ व्होल्ट आणि क्षमता साधारण २२५ मिलिअँपिअर-तास असते. रिमोट झोपलेला असताना सरासरी १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेत असेल, तर हा सेल हिशेबाने अडीच वर्षे पुरायला हवा. पण काही कारणाने तोच सरासरी प्रवाह ४० मायक्रोअँपिअरवर गेला, तर सेल आठ महिन्यांच्या आतच संपतो. आपला अनुभव या दुसऱ्या हिशेबाशी जुळतो, आणि त्याचे पहिले संशयित कारण आपण स्वतःच प्रश्नात दिले आहे: गाडी आणि रिमोट रात्रभर एकाच छपरीत, एकमेकांच्या टप्प्यात असतात. काही गाड्या मालक जवळ आला की दिवे लावण्यासाठी किंवा दार आपोआप उघडण्यासाठी ठरावीक अंतराने संकेत सोडत राहतात. कोणी गाडीला टेकले, गुराने हँडलला अंग घासले किंवा पावसाचे थेंब हँडलच्या स्पर्शपट्टीवर पडले, तरीही काही गाड्या रिमोटला हाक देतात. प्रत्येक हाकेला रिमोट जागा होऊन उत्तर देतो आणि सेल झिजतो. गाडीच्या बाजूनेही हा खर्च होतच असतो. तिची यंत्रणा पूर्ण झोपेत जात नाही.

म्हणून रिमोट ठेवण्याची जागा बदलावी. गाडीपासून किमान चार-पाच मीटर अंतर राहील अशी, शक्यतो घराच्या आतल्या खोलीतील उंच जागा निवडावी. ती जागा टीव्ही, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर आणि विशेषतः वायरलेस चार्जर यांच्यापासून दूर असावी. वायरलेस चार्जर साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतो, आणि रिमोट ज्या १२५ किलोहर्ट्झच्या हाकेची वाट पाहत असतो ती याच पट्ट्यात येते. त्यामुळे त्या गोंगाटाने रिमोट वारंवार जागा होऊ शकतो किंवा खरी हाक त्याला ऐकूच येत नाही. केवळ जागा बदलल्याने सेलचे आयुष्य दुप्पट झाल्याचे मी ग्राहकांकडून ऐकले आहे, आणि वरचा हिशेब पाहता त्यात मला काही नवल वाटत नाही.

दुसरे संशयित कारण सेलची प्रत हे आहे. तालुक्याच्या बाजारात घड्याळाच्या दुकानातून सुटा, एखाद्या डब्यात इतर सेलबरोबर पडलेला सेल घेतला, तर तो आधीच अर्धा संपलेला असू शकतो, कारण धातूच्या दोन बाजू एकमेकांना लागल्या की सेल आतल्या आत रिकामा होत जातो. सेल नेहमी बंद पाकिटातला, परिचित कंपनीचा आणि पाकिटावरील तारीख पाहून घ्यावा. चांगला लिथियम सेल न वापरता ठेवला तर वर्षाला जेमतेम एक टक्का क्षमता गमावतो, त्यामुळे एक जास्तीचा सेल घरात राखून ठेवण्यात तोटा नाही. मात्र तो पाकिटातच ठेवावा. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू लेप देतात. तो लेप अतिशय स्तुत्य आहे, पण काही उपकरणांत त्यामुळे संपर्क नीट होत नाही. असा सेल बसवूनही रिमोट चालला नाही तर सेल खराब आहे असे लगेच मानू नये.

सेलच्या नावातील अक्षरे आणि आकडे तंतोतंत जुळलेच पाहिजेत. सीआर २०२५ हा व्यासाने सारखाच, पण जाडीने ०.७ मिलिमीटर कमी असतो. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणून तो देतात आणि खाली कागदाची घडी घालतात. शेतातील खडबडीत रस्त्यावर असा सेल क्षणभर संपर्क सोडतो, आणि आपण सांगितलेली अधूनमधून येणारी तक्रार नेमकी अशीच दिसते. एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल तर मुळीच वापरू नये. त्याचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो आणि ३ व्होल्टसाठी बनवलेल्या रिमोटचे त्याने नुकसान होऊ शकते. ज्या गाड्यांत सीआर २४५० किंवा सीआर १६३२ लागतो, तिथे तोच घ्यावा.

सेल बदलण्यासाठी शहरात जाण्याची गरज नाही. धातूची चावी बाहेर काढल्यावर त्या जागी एक खाच दिसते. तिच्यात चपट्या पेचकसाचे टोक, वर पातळ कापड गुंडाळून, हलके फिरवले की रिमोटचे दोन भाग सुटतात. हे काम ताटात करावे, म्हणजे सुटलेला भाग हरवणार नाही. जुना सेल कोणत्या बाजूने बसला आहे याचा आधी मोबाईलवर फोटो घ्यावा. सेल बाहेर काढताना धातूची पट्टी वाकवू नये, कारण तिचा ताण कमी झाला की संपर्क सैल होतो. नव्या सेलला बोटांचा घाम लागला असेल तर तो कोरड्या सुती कापडाने पुसावा आणि कडेने धरून बसवावा. धातूच्या चिमट्याने धरल्यास दोन्ही बाजू जोडल्या जाण्याचा धोका असतो. हिरव्या पट्टीवरील (सर्किट बोर्डवरील) भागांना हात लावू नये आणि कडेची रबरी पट्टी पूर्वीच्याच जागी बसवावी, कारण पावसाळ्यात आणि घामात रिमोट वाचतो तो तिच्यामुळे. बहुतेक रिमोटमध्ये गाडीशी असलेली ओळख कायमस्वरूपी स्मृतीत असते, त्यामुळे सेल काढल्याने ती पुसली जात नाही.

पुष्कळ लोक मल्टिमीटरने सेल तपासून ‘३ व्होल्ट आहे, म्हणजे चांगला आहे’ असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष फसवा असू शकतो. नवा सेल मीटरवर ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो, २.९ च्या खाली आला की तो बदलावा हे खरे, पण मीटर सेलवर भार टाकत नाही. जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा आतला विरोध, वाढलेला असतो, त्यामुळे रिमोटने उत्तर पाठवण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह मागितला की त्याचा दाब एकदम खाली कोसळतो आणि उत्तर अर्धवट राहते. थंडीत हा रोध आणखी वाढतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे, जेव्हा आपल्या भागातही पारा दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो, तेव्हा दुपारी बरा चालणारा रिमोट मूक होतो. अशा वेळी तो दोन मिनिटे मुठीत धरून गरम करावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. चालला, तर त्याच दिवशी सेल बदलावा.

उन्हाळा रिमोटसाठी वेगळ्या प्रकारे कठीण असतो. या सेलची शिफारस केलेली कमाल मर्यादा सामान्यतः ६० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तापमान ७० अंशांवर सहज पोहोचते. लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी उभी करून रिमोट डॅशबोर्डवर ठेवण्याची सवय त्यामुळे सोडावी. त्याने सेलचे आयुष्य घटते, रबरी पट्टी कडक होते आणि रिमोटचे प्लास्टिक सैल पडते.

‘की नॉट डिटेक्टेड’ ही सूचना आली की सर्वांचे लक्ष रिमोटकडे जाते, पण बऱ्याच वेळा दोष गाडीच्या मोठ्या बॅटरीचा असतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी अशक्त झाली, की अँटेनांकडून सुटणारी हाक क्षीण होते, हँडलवरील बटन काम करत नाही आणि स्टार्टर फिरवण्याआधीच नियंत्रण यंत्रणा कोलमडते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी मीटर लावावा: १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे काळजी करण्यासारखी. गाडी चालू असताना तो आकडा सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने कमी होते. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते असा आमच्या व्यवसायातील ढोबळ नियम आहे, आणि विदर्भातील बॅटऱ्यांकडे पाहिल्यास तो पटतो. आपली गाडी जुनी आहे, तेव्हा तिच्यातील बॅटरी कोणत्या वर्षाची आहे हे तिच्यावरील छाप पाहून आधी तपासावे.

मोठी बॅटरी पूर्ण उतरली, तर रिमोटचा नवा सेलही दार उघडू शकत नाही. त्या वेळी पुन्हा तीच धातूची चावी कामी येते: दार उघडावे, चालकाच्या पायाजवळचा बोनेटचा खटका ओढावा आणि दुसऱ्या वाहनाची मदत घ्यावी. खेड्यात हे वाहन बहुधा ट्रॅक्टर असते. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची आहे याची खात्री करून, ट्रॅक्टर बंद ठेवून, लाल तार दोन्हीकडे धन टोकांना जोडावी. काळ्या तारेचे एक टोक ट्रॅक्टरच्या ऋण टोकाला आणि दुसरे गाडीच्या इंजिनच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला जोडावे. मोठ्या ट्रकमध्ये मात्र दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात; त्यावरून गाडी कधीही सुरू करू नये. त्याने गाडीतील नियंत्रण यंत्रणा जळू शकतात आणि तो खर्च बॅटरीच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

काही वेळा रिमोट आणि बॅटरी दोन्ही उत्तम असूनही एखाद्या विशिष्ट जागीच गाडी रिमोटला ओळखत नाही. विजेच्या उपकेंद्राजवळ, मोबाईल टॉवरखाली, किंवा हलक्या प्रतीचे एलईडी दिवे लावलेल्या शेडमध्ये असे घडते. उपाय सोपा आहे: रिमोट हँडलच्या अगदी जवळ न्यावा, आत बसल्यावर बटनाला टेकवावा. खिशात रिमोट आणि मोबाईल एकमेकांना चिकटून ठेवू नयेत, आणि रिमोट ॲल्युमिनियमच्या डब्यात किंवा नाण्यांच्या गठ्ठ्याखाली असेल तर गाडीला तो दिसणार नाही, हेही लक्षात ठेवावे. यातून एक विचित्र प्रसंग उद्भवतो: रिमोट असलेली पिशवी डिकीत इतर धातूच्या सामानाखाली ठेवली जाते, गाडीला रिमोट आत असल्याचे कळत नाही आणि ती कुलूपबंद होते. म्हणून डिकी लावताना रिमोट हातात असावा.

गावाकडे सर्वाधिक त्रास देणारा प्रकार मात्र वेगळाच आहे, आणि मी तो प्रत्येक ग्राहकाला मुद्दाम सांगतो. इंजिन चालू असताना रिमोट गाडीबाहेर गेला तर गाडी बंद पडत नाही. ती फक्त टीं-टीं असा आवाज आणि पडद्यावर सूचना देते, कारण चालत्या गाडीचे इंजिन अचानक बंद होणे धोक्याचे असते. त्यामुळे असे होते की रिमोट खिशात ठेवून घरधनी दारव्ह्याच्या बसस्थानकावर उतरतात, नागपूरची एसटी पकडतात, आणि मुलगा गाडी घेऊन वावरात जातो. तिथे त्याने एकदा इंजिन बंद केले की ती गाडी रिमोट परत येईपर्यंत तिथेच राहते. त्यामुळे चालक बदलताना, कोणालाही वाटेत उतरवताना, ‘रिमोट कोणाकडे आहे’ हे तोंडाने विचारण्याची पद्धत घरात पाडावी, आणि चुकून असे घडलेच तर इंजिन बंद न करता, पेट्रोल-डिझेल पुरत असेल तोवर, गाडी सरळ घरी आणावी.

आपल्या घरात दीड वर्षाचा मुलगा आहे, म्हणून पुढील बाब मी अधिक कळकळीने लिहीत आहे. हा बटन सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. ओल्या पेशींमधून सेलचा प्रवाह वाहू लागतो, त्याच्या ऋण बाजूजवळ तीव्र अल्कली, म्हणजे जाळणारे रसायन, तयार होते आणि ते अन्ननलिका जाळत जाते. वीस मिलिमीटरचा हा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. रिमोटसाठी निकामी झालेल्या सेलमध्येही ही जखम करण्याइतका दाब शिल्लक असतो, त्यामुळे ‘संपलेला आहे’ म्हणून तो खेळायला देणे किंवा उंबऱ्यावर टाकून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे. मुलगा अचानक लाळ गाळू लागला, खाणे टाळू लागला, खोकू लागला आणि घरातील सेल सापडत नसेल, तर लक्षणे वाढण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने एक्स-रे आणि दुर्बिणीने सेल काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. आपल्याला यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. वर्धा जिल्ह्यातील लोकांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. उलटी करवू नये आणि पोळी, केळी वगैरे काही खाऊ घालू नये. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, सेल गिळून बारा तास झालेले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, जास्तीत जास्त सहा वेळा, देता येतो. मधाचा थर जळण्याचा वेग कमी करतो. परंतु मध शोधण्यासाठी निघायला एक मिनिटही उशीर करू नये, आणि एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये. नाकात किंवा कानात घातलेला सेलही इतकाच तातडीचा आहे. सेल बदलताना मूल दुसऱ्या खोलीत असावे, आणि जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो उंचावरील घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा, आणि शहरात जाल तेव्हा इलेक्ट्रॉनिक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावा. चुलीत किंवा उकिरड्यावर तो जाऊ नये.

जुनी गाडी एकाच रिमोटसह मिळाली, याकडे आपण दुर्लक्ष करू नये. गाडीला मुळात सहसा दोन रिमोट दिलेले असतात. दुसरा कुठे आहे हे आधीच्या मालकाला विचारावे आणि तो मिळाला नाही, तर सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीत किती रिमोटची नोंद आहे हे यंत्रावर पाहून घ्यावे. नवा रिमोट नोंदवताना जुन्या सर्व नोंदी पुसून फक्त हातातील रिमोट पुन्हा नोंदवता येतात, म्हणजे हरवलेला रिमोट कोणाच्याही हाती पडला तरी त्याने गाडी सुरू होत नाही. या कामाला काही हजार रुपये लागतात आणि गाडीची कागदपत्रे, मालकाची ओळख दाखवावी लागते. एकुलता रिमोट हरवल्यावर हेच काम अधिक खर्चिक होते, कारण गाडी टोइंग करून न्यावी लागते. म्हणून दुसरा रिमोट आताच करून घ्यावा असा माझा स्पष्ट सल्ला आहे. विमा नूतनीकरणाच्या वेळी चावी हरवल्यास भरपाई देणारे जोड-संरक्षण मिळते का, हेही विचारावे.

दूरवरून संकेत पुढे पाठवून गाडी चोरण्याच्या पद्धतीविषयी लोक घाबरून विचारतात. ती पद्धत खरी आहे. २०११ मध्ये झुरिच येथील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्यांवर ती यशस्वी करून दाखवली होती. एक उपकरण गाडीजवळ आणि दुसरे घरातील रिमोटजवळ धरून दोघांमधील हाक आणि उत्तर लांबवले जाते, त्यामुळे गाडीला रिमोट दाराशीच आहे असे वाटते. गावातील बंद वाड्यात याचा धोका कमी आहे. नागपूर-अमरावतीच्या रस्त्यावर रात्री गाडी उभी करायची असेल तर घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात रिमोट ठेवावा. डबा काम करतो की नाही हे रिमोट आत ठेवून, डबा गाडीच्या हँडलजवळ नेऊन तपासावे. दार उघडले, तर तो डबा निरुपयोगी आहे.

रिमोट पाण्यात पडला, ओढ्यात किंवा फवारणीच्या पाण्यात, तर प्रथम सेल काढावा, मग सुकवावा. उलट क्रमाने करू नये, कारण ओल्या हिरव्या पट्टीवर सेलचा दाब राहिला की तांब्याला गंज चढू लागतो. भर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये, कारण तांदळाची बारीक पूड बटनांत शिरते. पंख्याखाली सावलीत एक-दोन दिवस उघडा ठेवावा. पाणी गढूळ किंवा औषधमिश्रित असेल, तर आधी इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी साफ करून घ्यावी.

आता आपल्या गाडीसाठी क्रम असा ठेवावा. पाकिटातील चांगला सीआर २०३२ बसवावा, त्या दिवशीची तारीख रिमोटच्या झाकणाच्या आत बारीक अक्षरांत लिहावी, रिमोटची जागा छपरीतून हलवावी आणि गाडीची मोठी बॅटरी तपासून घ्यावी. त्यानंतरही सहा-आठ महिन्यांत सेल संपला, तर सर्व्हिस सेंटरला किंवा चांगल्या इलेक्ट्रिशियनला रिमोट झोपलेला असतानाचा प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये मोजायला सांगावे. ही मोजणी गाडीपासून दूर, रिमोटला कोणतीही हाक ऐकू येणार नाही अशा ठिकाणी करावी, नाहीतर आकडा चुकीचा येईल. तिथेही प्रवाह चाळीस-पन्नास मायक्रोअँपिअर दिसत असेल, तर रिमोटच्या हिरव्या पट्टीवर ओलाव्यामुळे प्रवाहाची गळती होते आहे किंवा एखादे बटन आतून दबलेले राहते आहे. बटनाचा रबर बदलून आणि पट्टी साफ करून आकडा खाली आला नाही, तर तो रिमोट बदलावा. प्रवाह दहाच्या आसपास असेल, तर रिमोट निर्दोष आहे आणि पुढचा शोध गाडीच्या दारातील अँटेना, हँडलचे बटन आणि त्यांच्या जोडण्यांमध्ये, चालकाच्या दारापासून सुरू करून, घ्यायला सांगावे.